निळा कागद

खानापुरात, स्टेशन रोडला, माझं दुकान.
पाटीवर ‘डॉक्टर’ लिहिलेलं नाही.
वर मोठ्या अक्षरात कन्नड, खाली बारीक मराठी, नियमाप्रमाणे:
‘दात बसवून मिळतील’.
दात मात्र दोन्ही ओळींचे सारखेच.

ऋत्विजा अकरा वर्षांची असताना
शाळेतून आणलेल्या खडूची तिनं दाढ कोरली होती.
वरची, पहिली, उजवीकडची.
आतल्या बाजूचा तो बारका जास्तीचा उंचवटा,
जो बऱ्याच जणांना असतो आणि कुणाला माहीत नसतो,
तोसुद्धा काढला होता ब्लेडच्या टोकानं.
मी ती साच्यांच्या फळीवर ठेवली.
अजून आहे. थोडी झिजली.

यंदा तिचा रँक आला.
एमबीबीएसचं नावच नको. बीडीएस, तेही कुंपणावर.
“कुंपणावरच राहतो की आपण,” ती म्हणाली,
आणि हसली नाही.

म्हणून दोन अर्ज.
बेंगळुरूला एक:
इथंच शिकली त्याचा दाखला,
गर्लगुंजीसारख्या खेड्यात शिकली त्याचा वेगळा,
कन्नड माध्यमात शिकली असती तर आणखी एक.
ती मराठी शाळेची. तो रकाना कोरा.
मुंबईला दुसरा, सीमाभागाच्या कोट्यातून:
गाव यादीत आहे का बघा,
मातृभाषा मराठी असल्याचं सिद्ध करा.

तहसील कचेरीत चार खेपा.
दाताच्या कण्या केल्या.
पाचव्या खेपेला कारकुनानं चहा संपवून टाईप केलं
की ह्या मुलीची मातृभाषा मराठी आहे,
कन्नडमध्ये.
मग बेळगावला जाऊन त्याचं भाषांतर, नोटरी, दोनशे रुपये.

रात्री मल्लिकार्जुनच्या सायबरात ऑप्शन भरायला बसलो.
कॉलेजांची नावं वरखाली सरकवायची,
आधी सरकारी,
मग ज्यांची फी वाचून माउस थांबतो ती.
“मामा, मॅनेजमेंट सीटचं विचारू काय?”
म्हटलं, बाबा, आमच्याकडं दात आहेत, चणे नाहीत.

कुठल्याच पानावर विचारलं नव्हतं
की पोरीचा हात थरथरतो का,
खुर्चीत आ करून बसलेलं माणूस भ्यालं
तर ती हातातलं काय आधी खाली ठेवते.
मी दोनदा शोधलं.
चष्म्यामुळं सुटलं असेल.

आज पहिल्या फेरीचा निकाल, संध्याकाळी पाचला.
साडेचारला इटगीच्या चन्नव्वा आल्या,
नवी कवळी टोचते म्हणून.
“हल्लू,” म्हणाल्या, गालाला हात लावून.
लहानपणी ऋत्विजाला वाटायचं,
दुखणारी माणसं ‘हळू’ म्हणतात.
‘दात’ म्हणतात, हे फार नंतर कळलं.
तोवर सवय झाली होती:
हल्लू ऐकलं की तिचा हात हळू होतो.

मोबाईल तिनं साच्यांमागं पालथा ठेवला.
निळा कागद दोन्ही जबड्यांच्या मधे धरला.
“कच्चरी, अव्वा.”
जिथं उंच लागतं तिथं निळा ठिपका उमटतो.
चूक वरच्याची की खालच्याची, ते कागद सांगत नाही.
नवखा माणूस दोन्हीकडं घासतो
आणि कवळी बाद करतो. मी केल्यात, सुरुवातीला, तीन.
ती थांबली.
परत कागद. परत चावा.
मग खालच्या डाव्या दाढेवर
शेंगदाण्याच्या सालाएवढं घासलं, आणि फुंकर मारली.

पाच वाजून गेले होते.
मल्लिकार्जुन रस्त्यापलीकडून हात हलवत काहीतरी ओरडत होता,
लोंढ्याकडं जाणाऱ्या मालगाडीत ते बुडालं.
डबे संपता संपेनात.
चन्नव्वांनी पिशवीतून भाजकी शेंग काढून
डावीकडं चावून बघितली, मग उजवीकडं.
ऋत्विजा त्यांच्या तोंडाकडं बघत होती,
मी तिच्या हाताकडं.